उजव्या अंगठ्याचं नख

इसम पुरुष. वय साठीच्या पुढे, उंची मध्यम, बांधा शासकीय. पदनाम व्रणोपचारक (निवृत्त), म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख. पासपोर्टच्या अर्जात खरं तर तीळ किंवा व्रण लिहायची पद्धत आहे. पण ड्रेसरांच्या अंगावर सांगण्यासारखा तीळ नव्हता, आणि दुसऱ्यांचे व्रण बांधण्यात जन्म गेल्यामुळे स्वतःचा एकही जमा झाला नव्हता.

हे नख त्यांचं हत्यार होतं. दवाखान्यात गोचिडी काढायला चिमटा होता, हातमोजे होते आणि ते ठेवायला कपाट होतं. तिघं एकमेकांच्या सहवासात सुखी होते. ड्रेसर जनावराचा कान उलटा करत, बोटांनी गोचीड उपटत आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून टच्चकन फोडत. मग अंगठा पँटला पुसत. पँट धुणाऱ्या बायकोचं याबद्दल वेगळं मत होतं. ते लग्नापासून ऐकत आल्यामुळे ड्रेसरांना ऐकू येत नसे.

निवृत्तीनंतर दोघं परदेशी लेकीकडे गेली. तिथं सगळंच धुतलंपुसलेलं. शेजारचं कुत्रंही इतकं स्वच्छ, की त्याचे कान तपासून ड्रेसर उदास झाले. परतायच्या आदल्या दिवशी जावई त्यांना गावाबाहेर मित्राच्या मेंढ्या दाखवायला घेऊन गेला. पहिल्याच मेंढीचा कान उलटला आणि सासऱ्यांचा चेहरा असा उजळला, की तसा नातवंडांना बघूनही कधी उजळला नव्हता.

जावयानं हातमोजे पुढे केले. "बाबा, हे घाला ना."

"जावईबापू, हातमोजे घालून कुणी सुईत दोरा ओवतं का?"

जावयानं स्वतः मात्र हातमोजे घातले आणि दोन पावलं लांब उभा राहिला.

घरी आल्यावर चारेक दिवसांत ड्रेसरांना ताप भरला. पाठ मोडून आली, डोळे लालभडक झाले. विमानातला एसी बाधला, असं शेजाऱ्यांनी ठरवलं. पण सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना, तेव्हा बायकोनं त्यांना रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात आणलं.

"परदेशातून आलात ना? डास चावले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिकडे डासांना व्हिसा मिळत नाही."

"गोचीड वगैरे?"

"गोचीड? मला?" एवढ्या तापात ड्रेसर उठून बसले. "बाई, उभ्या जन्मात एक चावलेली नाही. हिंमत नाही तिची!"

हे अक्षरशः खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि तापाच्या सगळ्या रोग्यांबरोबर त्यांना मोठ्या वॉर्डात हलवायला सांगितलं.

पिशवी घेऊन दारात उभी असलेली बायको आत आली. "अहो, मेंढ्यांचं सांगा ना."

"चावली का, असं विचारतायत त्या. चावली नाही."

"चावली नाहीच हो डॉक्टर. यांनीच फोडल्या, या नखानं. बघा तरी एकदा. मी सांगून सांगून थकले."

डॉक्टरांनी बघितलं. नखाच्या कडेला केसाएवढी चीर होती. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, वॉर्ड रद्द केला आणि नर्सला हातमोजे आणायला सांगितलं.

मग त्यांनी समजावलं. या तापाचं नाव दोन दूरच्या मुलखांची नावं जोडून केलेलं आहे. तो द्यायला गोचिडीनं चावायलाच हवं असं नाही. ती फोडताना उडालेलं रक्त चिरेतून आत गेलं तरी भागतं. मग माणसाचं रक्त कुठूनही वाहू लागतं, आणि त्या रक्ताला जो हात लावेल त्यालाही ताप येऊ शकतो.

"यांचं रक्त लागलेलं काही हाताळलंत?" त्यांनी बायकोला विचारलं.

"सकाळचा रुमाल धुतला की."

ड्रेसरांनी बायकोच्या हातांकडे बघितलं.

त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं. बायको काचेबाहेर. बोलणं फोनवर.

"ताप बघितलास?"

"बघितला."

"किती आहे?"

"तुमच्यापेक्षा कमी."

"नीट सांग!"

"नाही हो. पडून राहा."

घटकाभरानं पुन्हा फोन. पुन्हा तोच प्रश्न. स्वतःचा ताप किती, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. डॉक्टरांचा संशय खरा ठरला होता, रक्ताच्या बाटल्या चढत होत्या, हातांवर काळेनिळे डाग उठले होते. आणि ड्रेसर काचेतून बायकोचे डोळे लाल दिसतात का ते तपासत होते. ते लाल होतेच, पण ते रडण्यानं.

तिला ताप आला नाही. ड्रेसर हळूहळू पेज पिण्याइतके सावरले. जावयाचा फोन आला. हातमोज्यांबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही, आणि ड्रेसरांना नेमकं तेच लागलं.

घरी आल्यावर बायको नेलकटर घेऊन समोर बसली.

"हे कापता येणार नाही," ड्रेसर म्हणाले. "ओळखीची खूण आहे. सरकारदरबारी नोंद आहे."

"खूण बघायला आधी माणूस शिल्लक लागतो."

"उद्या कुणी ओळखलं नाही तर?"

"मी ओळखते. हात पुढे करा."

ड्रेसरांनी हात पुढे केला.

सुधारित नोंद : इसम हयात. ओळखीची खूण, कागदोपत्री, उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख. ते दर रविवारी बायको कापते.