डावा कोपरा

हिंगोलीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर व्यावसायिक कबड्डीचे सामने लागायचे, तेव्हा ते रोज पुढच्याच बाकावर असायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा मुलगा एका संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो, एवढं ठाऊक होतं. संघ सारखा हरत होता. समोरचा कुणीही चढाईला यायचा आणि त्याच कोपऱ्यातून गुण घेऊन परत जायचा. कोट घातलेले समालोचक याला बचावाची नवी रचना म्हणत होते.

"मामा, पोरगं पैसे खाऊन राहिलं काय?" मागून एकजण म्हणाला.

मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पडद्याकडं बघत स्वतःचाच डावा गुडघा चोळत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "घोटा धराया वाकूनच न्हाई राहिला. गुडघा गेला त्याचा. मातीत मीच शिकवलं, मला न्हाई कळणार?"

"मग फोन करा की त्याला."

"केला. म्हणतो, सांगितलं तर बाहेर बसवतील."

शेवटच्या चढाईला मुलगा वाकला. त्यानं चढाईला आलेल्याचा घोटा धरला आणि बाकीचे त्या दोघांवर कोसळले. हॉटेलात शिट्ट्या झाल्या. मघाचाच माणूस मामांची पाठ थोपटायला आला.

"उठ, लेकरा," मामा पडद्याला म्हणाले.

वरचे खेळाडू एकेक करून उठू लागले. समालोचक पकडीचं कौतुक करत होते. सगळ्यांत खालचा मुलगा दिसणार, तेवढ्यात जाहिरात लागली.