खलनायिकेची बाजू

मालिकेचा उद्याचा भाग मी दुपारीच मोबाइलवर पाहिला आणि संध्याकाळी अक्कांच्या घरी सगळ्यांदेखत सांगून टाकला.

अक्का देवपुरातल्या माझ्या शेजारीण. बायको गेल्यापासून माझ्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नाही, म्हणून रोज साडेसातला त्यांच्याकडे जाऊन बसायचो. अक्का, त्यांची सून आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी असायच्या. अर्धा तास का होईना, माणसांत बसायला मिळायचं.

त्या दिवशी नायकानं नायिकेसाठी गच्चीभर पणत्या लावल्या होत्या. मी बायकोला गच्चीवर नेलं ते पापड वाळत घालायला, त्यामुळे मला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. माझं लक्ष त्याच्या वहिनीकडे, म्हणजे खलनायिकेकडे. एवढ्या मोठ्या घरात ती एकटीच जेवत होती आणि इकडे चौघी मिळून तिला शिव्या घालत होत्या. मला राहवेना.

"उगाच बोलू नका तिला," मी म्हणालो. "उद्या तीच नायिकेला रक्त देणार आहे!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सुनेनं टीव्हीच बंद केला.

मी सारवासारव केली, "वाईट नाही हो ती, अक्का. एकटी पडलीय बिचारी."

माझा अर्धा भरलेला कप उचलत अक्का म्हणाल्या, "पडणारच ना, भाऊ! दुसऱ्याचं सुख तिला बघवत नाही. तुमनं बी तसंच शे. उद्यापासून घरीच बघा."