भर गाडीतली शिकवणी

तिचं नाव मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही, इतका मला तिचा राग आला होता.

उमरग्याहून तुळजापूरला निघालेल्या एसटीत ती पुढच्या बाकावर होती. हातात लग्नाचा हिरवा चुडा, मांडीवर इंग्रजीचं पुस्तक. ती मॅट्रिकला बसणार होती आणि नवरा तिला भर गाडीत शिकवत होता.

"होल्ड," म्हणत त्यानं तिचा हात नुसता हातात घेतला. "ग्रिप," म्हणत मनगट आवळलं. "क्लास्प"ला तर दोन्ही तळव्यांत तिचा हात मिटूनच घेतला. ती मुद्दाम चुकायची, की तो पुन्हा होल्डपासून सुरू. अभ्यास चाललाय म्हटल्यावर कंडक्टरही काही बोलेना. माझा मात्र नुसता जळफळाट होत होता. दात पुढं, नाक बसकं. एवढं काय होतं मेलीत?

नळदुर्गला नवरा पाणी आणायला उतरला, तशी ती मागं वळून मला म्हणाली, "मराठीत लई लाजतेत हो, अक्का. म्हणून मी इंग्रजी शिकायले."

आमचे हे माझ्या शेजारीच बसले होते. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, तालुक्यात नाव होतं त्यांचं. मी हळूच विचारलं, "अहो, क्लास्प म्हणजे काय?"

"घट्ट धरणे," त्यांनी ताबडतोब सांगितलं.

त्यांचे दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर होते.