मालन कोचरेकरने उगवलेला सूड

मालन कोचरेकर ही आमच्या अंधेरीच्या कॉलेजातल्या समाजशास्त्र विभागाची टायपिस्ट. राहायची घाटकोपरला, भटवाडीतल्या चाळीत, आई रुक्मिणीबरोबर. वडील गिरणीत होते, ते गेले तेव्हा मालन सतरा वर्षांची होती. घर सावरता सावरता लग्न राहून गेलं. नोकरी करूनच ती बी.ए. झाली. पुढे एम.ए.ला बसायची परवानगी मागायला ती विभागप्रमुख श्यामकांत सरांकडे गेली, तेव्हा सर सगळ्यांसमोर हसले होते. "टायपिस्टला एम.ए. कशाला? बोटं चालतायत ना, पुरे."

हे ती कुणाला बोलली नाही, विसरलीही नाही.

१९८३ साली चिएको मोरिता विभागात आली. जपानमधल्या निगाता शहरातली, वय सत्तावीस. तिथली ग्रंथालयातली नोकरी सोडून ती श्यामकांत सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला इथे आली होती. विषय होता, गिरण्यांच्या संपानंतर कामगारांच्या बायकांनी घर कसं चालवलं. हॉस्टेलचं जेवण तिला सोसेना. पहिल्याच महिन्यात तीनदा आजारी पडली. मालनने तिची बॅग उचलली आणि सरळ घरी आणली.

चिएको मराठी शिकली ती मालवणी बोलणाऱ्या रुक्मिणीकडून. त्यामुळे विभागात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "माका जरा उशीर झालो." सगळा वर्ग हसला. श्यामकांत सर म्हणाले, "हे मराठी चाळीत ठेवून येत जा." चिएकोने मान लववून माफी मागितली. घरी आल्यावर मात्र तिने मालनला विचारलं, "ताई, चाळीतलं मराठी खोटं असतं का?"

दीड वर्ष ती घाटकोपर, भांडुप, मुलुंड पालथं घालत हिंडली. तेवीस बायकांशी बोलली. त्यांच्याबरोबर पापड लाटले, खाणावळीतली भांडी घासली. संध्याकाळी इंग्रजीत लिहायची आणि मालन घरच्या जुन्या मशीनवर टाइप करून द्यायची. ऑफिसच्या सवयीने मालन प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची, कार्बन लावून तीन प्रती काढायची. पहिली सरांना, दुसरी चिएकोला, तिसरी घरच्या पत्र्याच्या पेटीत.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत सरांनी चिएकोला केबिनमध्ये बोलावलं. कामात खोली नाही, शिष्यवृत्ती वाढवायची शिफारस मी करणार नाही, असं सांगितलं. पाच मिनिटांत संपवलं. चिएको बाहेर आली, मालनच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी आईला काय लिहू?"

पुढच्याच आठवड्यात सरांनी मालनच्या पुढ्यात हस्तलिखित टाकलं. "परिसंवादासाठी माझा निबंध. सोमवारपर्यंत हवा." तिसऱ्या ओळीलाच मालनची बोटं थांबली. हे वाक्य तिने आधी टाइप केलं होतं. पुढचंही. त्याच्या पुढचंही. चिएको आपल्या टायपिस्टकडे राहते हे सरांना ठाऊक होतं; पण टायपिस्ट वाचते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मालनने निबंध नीट टाइप केला, एकही चूक न करता.

घरी कळल्यावर रुक्मिणीने देवापुढे दिवा लावला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा! ह्यां चेडू सातासमुद्रापलीकडसून आमच्या दाराक इलां. तेचां लिवलेलां जेणी चोरल्यान, तेका सुखाचो घास मिळाक नको!"

"होय म्हाराजा!" मालन मोठ्याने म्हणाली.

चिएकोने अर्थ विचारून घेतला: ही पोर इतक्या लांबून आपल्या दारी आली, तिचं लिहिलेलं चोरणाऱ्याला सुखाचा घास मिळू नये. मग शांतपणे म्हणाली, "देवावर सोडायचं नाही, ताई. मला स्वतः करायचंय. त्यांना लाज वाटली पाहिजे. सगळ्यांसमोर."

तिच्या आवाजात इतका विखार मालनने कधी ऐकला नव्हता. तिला बरं वाटलं.

दोघी पुन्हा त्या तेवीस बायकांच्या दारी गेल्या. "तुमचं बोलणं दुसऱ्याने आपलं म्हणून खपवलंय," चिएकोने प्रत्येकीला सांगितलं. अकराजणी यायला तयार झाल्या.

परिसंवादाच्या दिवशी त्या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगांत बसल्या, इस्त्रीच्या साड्या नेसून. सरांना वाटलं, पाहुण्यांच्या घरच्या असतील. अध्यक्ष होत्या दुसऱ्या विद्यापीठाच्या उत्तराबाई. सरांनी अर्धा तास निबंध वाचला. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर नलिनी तांडेल उठली. भांडुपला तिची खाणावळ.

"सर, मला इंग्रजी कळत नाही. पण खाणावळवाली नलिनी म्हणालात ना, ती मी. माझ्या घरी कधी आलात तुम्ही?"

"बाई, आपण नंतर बोलू."

"नंतर का? आत्ता सांगा ना. माझं दार कुठल्या बाजूला उघडतं?"

मागून दुसरी उठली, "माझ्याकडे पण नाही आले."

"माझी एक विद्यार्थिनी जायची," सर म्हणाले.

"मग तिचं नाव कुठाय?"

मालन चालत मंचावर गेली. तारखा घातलेल्या तिसऱ्या प्रती तिने उत्तराबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. हॉलच्या टोकाला चिएको उभी राहिली. "मी चिएको मोरिता. ते माझं लिहिलेलं आहे." एवढंच. सर पाण्याचा ग्लास शोधत राहिले.

चौकशी झाली. निबंध रद्द झाला, प्रमुखपद गेलं, पण नोकरी राहिली. उत्तराबाईंनी चिएकोला आपल्याकडे घेतलं आणि शहाऐंशीत तिला पदवी मिळाली. विमानतळावर ती मालनला म्हणाली, "त्यांची नोकरी पण जायला हवी होती. माझं पोट नाही भरलं."

"माझं पण नाही," मालन म्हणाली.

मालनला शिस्तभंग म्हणून तळमजल्यावरच्या उत्तरपत्रिकांच्या कोठारात टाकलं. तिथे टाइपरायटर नव्हता, पंखाही नव्हता. पण कोठाराचं दार जिन्यासमोर उघडायचं. रोज दहा वाजता श्यामकांत सर आले की मालन उठून उभी राहायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "नमस्कार सर." दोन महिन्यांनी सर कॅन्टीनमागच्या जिन्याने जाऊ लागले.

मालनने शिपायाकडून ही बातमी काढली आणि दहाचा चहा कॅन्टीनमागच्या त्या जिन्याशी उभं राहून प्यायला सुरुवात केली.