फळ्यावरचे एकतीस चेहरे

एकोडीच्या प्रणालीवर अन्याय झाला तो तीन वर्षांपूर्वी, तिच्या गावची धानाची रोवणी संपली त्या शुक्रवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला पाठ आहे, कारण ती आमच्या अकरावीच्या ग्रुपवर अजून तशीच पडून आहे आणि कोणी कितीही 'झालं गेलं सोडा' म्हटलं तरी मी ती सोडणार नाही. त्या अन्यायाची दखल घेणारा अख्ख्या शाळेत एकच माणूस निघाला, आमचे भूगोलाचे सर. आणि हा माणूस भंडारा जिल्ह्यातला सगळ्यात संशयी माणूस होता. हे मी गमतीनं लिहीत नाही. याहून संशयी माणूस कोणाच्या पाहण्यात असेल तर त्यांनी मला पत्ता द्यावा, मी स्वतः जाऊन खात्री करीन.

सरांचा कशावरच विश्वास नव्हता. एसटीच्या पाटीवर 'साकोली' असं ठळक लिहिलेलं असलं तरी ते ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला, आणि मग खिडकीशी बसलेल्या एखाद्या म्हातारीला, "माय, तुमी कुठं चालल्या?" म्हातारी साकोली म्हणाली तरच चढत. "त्या दोघाईले पगार भेटते, त्याईले कुठंबी जा लागते. म्हातारी कायले खोटं बोलंन?" हजेरी ते दोनदा घेत, एकदा तोंडं पाहून आणि एकदा वाकून बाकांखालचे पाय पाहून. वर्गातल्या छापील नकाशावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. छापणाऱ्यानं वैनगंगा कधी पाहिली तरी आहे का, असं म्हणत ते दर वेळी अख्खा जिल्हा स्वतः खडूनं काढत, हात न उचलता, एका रेषेत. ती रेषा छापील नकाशाशी इतकी जुळायची की मग आम्हालाच त्यांचा संशय यायचा. फोटोला तर ते उभेच राहत नसत. दर वर्षीच्या निरोपसमारंभाच्या फोटोत शिक्षकांच्या रांगेत एका माणसाच्या मानेवर चेहरा नाही, हजेरीची वही आहे. ते आमचे सर.

असा माणूस मोबाइल वापरेल कशाला? पण वापरत होता, आणि तोही आमच्यासाठी. रोवणीच्या दिवसांत आमचा अर्धा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो. गुडघाभर चिखलात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवणारी पोरं मागं पडू नयेत म्हणून वर्गाचा ग्रुप सरांनीच काढला. दुपारी धडा टाकायचा आणि शेतात असेल त्यानं धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून तो वाचायचा, खाली 'हजर' लिहायचं. सरांचा प्रत्येक मेसेज 'प्रिय विद्यार्थ्यांनो'ने सुरू व्हायचा आणि 'आपला, भूगोल शिक्षक'ने संपायचा, मग मधला मजकूर 'उद्या सुट्टी' एवढाच का असेना. मेसेज पाठवून झाला की मोबाइल जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर झाकण लावत. वर्ग चालू असताना तो डबा टेबलावर थरथरायला लागला की आम्ही हसून हसून आडवे व्हायचो.

कोणी नुसता अंगठा पाठवला की दुसऱ्या दिवशी त्याला व्हरांड्यात गाठत. "अंगठा तुयाच होय ना? कायचा अंगठा होय तो? समजलं म्हणून, का वाचलंच नाई म्हणून?"

"समजलं म्हणून, सर."

"मंग सांग, काय समजलं."

यामुळं वर्गातल्या बऱ्याच जणांनी अंगठे पाठवणं बंद केलं आणि नाइलाजानं धडे वाचायला सुरुवात केली. ग्रुपचा नियम एकच होता: "समोर हातभर अंतरावर उभं राहून जे बोलता येत नाई, ते लिवाचं नाई." आम्ही हो म्हटलं. सर्वांच्याच घरी एक तरी म्हातारा असतो, त्याला आपण जसं हो म्हणतो तसं.

प्रणाली माझ्या बाकावर बसायची. रोवणीत ती आई आणि मावशीबरोबर मजुरीला जायची आणि रोज दुपारी न चुकता धुऱ्यावरून लिहायची, 'हजर सर'. रोवणी संपते त्या दिवशी आमच्याकडे बाया एकमेकींच्या तोंडाला चिखल लावतात. पंधरा दिवसांची वाकलेली कंबर त्या दिवशी सरळ होते, तो आनंदाचा चिखल असतो. मावशीनं प्रणालीचे दोन्ही गाल माखले, फोटो काढला आणि प्रणालीनं तो स्टेटसला ठेवला. वर्गातल्या कोणीतरी तो उचलला. मागचं शेत कापलं, बाया कापल्या, नुसता माखलेला चेहरा ठेवला, खाली लिहिलं 'हजर सर', आणि एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा स्टिकर करून ग्रुपवर फेकला. दहा मिनिटांत एकतीस हसरे चेहरे येऊन पडले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. दीड वाजता प्रणाली ग्रुपमधून बाहेर पडली. सोमवारी वर्गात आली नाही. मंगळवारीही नाही.

मी फोन लावला तर तिच्या आईनं उचलला. "आता नाई येत ते, बाई. शिवणक्लासले टाकतो तिले. चिखलात आमी जलम काढला, पण आमाले कोणी हासलं नोतं."

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. पत्रकं लिहायला मी गावच्या वाचनालयातल्या मोठ्या पोरांकडून नुकतीच शिकले होते आणि शिकल्यापासून मला सगळीकडे कटच दिसत होते. ग्रुप कोणाचा? सरांचा. मोबाइल कुठं? डब्यात. म्हणजे प्रकरण दाबणार कोण? उघड आहे! 'शाळा झोपली आहे काय?' असा मथळा, खाली 'एकतीस निर्लज्ज' आणि नावांची यादी. स्टाफरूमच्या दारावर चिकटवलं. सरांनी आधी नखानं खरवडून खळ ओली आहे का ते पाहिलं, मग वाचलं, मग मला बोलावलं.

"चांगलं लिवलं. जोर आहे. पण वर एकतीस म्हणते अन् खाली नावं तीसच. दोनदा मोजली मी."

मी यादीवरून बोट फिरवलं.

"एक नाव कुठं गेलं, जी?"

एक वाजून चौदा मिनिटांनी मी हसले होते. सगळे हसत होते म्हणून. फोटो नीट पाहिलाही नव्हता. सरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. संशयी माणसानं खात्री झाल्यावर गप्प बसावं, यासारखी शिक्षा नाही.

त्या संध्याकाळी ते एकोडीला गेले. फोनवर विश्वास नव्हताच. प्रणालीनं मला नंतर सांगितलं की अंगणात बसले, चहा पिण्याआधी हुंगला, आणि 'पोरी, परत ये' वगैरे काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "जे झालं ते मी फळ्यावर लिवू का? तू नाई म्हणशील तं नाई."

"माया फोटो नाई काढाचा."

"नाई काढत."

"अन् मी येणार नाई."

"बरं," म्हणाले, चहा संपवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी नकाशा काढला नाही. फळ्यावर आमचा ग्रुप काढला. वर एक चौकट, आत काहीच नाही. "हे जागा तिची होय. इथं आपण काई काढाचं नाई." मग तिच्याखाली चेहरे. एकेक. नाव, वेळ, गोल चेहरा, मिटलेले डोळे, दात आणि निळ्या खडूनं दोन्ही बाजूंना पाणी. वैनगंगेचं वळण ज्या काळजीनं काढत त्याच काळजीनं. सुरुवातीला मागच्या बाकांवर खिदळणं चालू होतं. सातव्या चेहऱ्यापर्यंत ते थांबलं. तास संपला, गणिताचे सर दारात आले, फळ्याकडे पाहिलं आणि परत गेले. प्रत्येकाचा चेहरा झाला की सर त्याला पुढं बोलवत. "पाहून घे. तुयाच होय ना? नीट निघाला का?"

माझा नंबर आला. "दात जास्त झाले काय?"

"नाही सर," मी म्हटलं, "तेवढेच होते."

एकतिसावा काढून त्यांनी खडू ठेवला. "ज्याले वाटते का त्या पोरीसमोर हातभर अंतरावर उभं राहून मले असंच हासता येते, त्यानं आपला चेहरा राहू द्यावा. बाकीच्याईनं आपापल्या हातानं पुसा." डस्टर त्यांनी खिशात घातला होता. आम्ही तळहातांनी पुसलं. एवढ्यात टेबलावरचा डबा थरथरला. सरांनी झाकण काढून पाहिलं. कोणीतरी बाकाखालून ग्रुपवर 'सॉरी' टाकलं होतं.

"ते पोरगी आहे काय ग्रुपात?"

"नाही सर."

"मंग कोणाले सॉरी म्हणून राहिला?"

रविवारी आम्ही एकोडीला गेलो. माफी मागायला आलेल्यांवरही सरांचा विश्वास नव्हता. मागून येऊन त्यांनी अंगणात वाकून पाय मोजले. स्टिकर करणारा पुढं झाला, हातभर अंतरावर थांबला. "मी केला."

प्रणालीनं विचारलं, "काहून?"

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली, त्या एका 'काहून'इतकं धारदार त्यांत काही उतरलं नाही. गुरुवारी ती वर्गात आली, बाकाशी थांबली आणि मला म्हणाली, "तूबी हासली होती?"

"हव."

"सरक तिकडं." आणि बसली.

पुढच्या वर्षी रोवणी संपली त्या दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. ज्या माणसाचा चेहरा शाळेच्या एकाही फोटोत नाही, तो एकोडीच्या बांधीत पँट दुमडून उभा होता. दोन्ही गालांवर चिखल, मिशीवर चिखल, आणि बोटांचे ठसे उघड उघड प्रणालीच्या मावशीचे. खाली लिहिलं होतं, 'प्रिय विद्यार्थ्यांनो, हजर आहे. आपला, भूगोल शिक्षक.' सगळ्यांनी पाहिलं, पण एकाचाही अंगठा हलेना. चार मिनिटं गेली. मग एक चेहरा आला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा. प्रणालीचा. त्यानंतर आम्ही सगळे हसलो, आणि त्या हसण्याचा मला आजही संशय येत नाही.

सर आता निवृत्त झाले. ग्रुपवर महिनोन्‌महिने कोणी काही लिहीत नाही. प्रणाली भंडाऱ्यात नर्सिंग शिकते, मी बसस्टँडवर पत्रकं वाटते. कधी सरांना मेसेज केला की ते उत्तर लिहीत नाहीत, फोन करतात. "तूच होय ना? मंग सांग, दात किती होते?" मी म्हणते, तेवढेच होते, सर. पलीकडून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज येतो.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, हे वाचताना स्वतःला त्या एकतिसांत न धरणारे. तुमच्या ग्रुपवर मागं जा, जिथं कोणाच्या तरी चेहऱ्यावर हसलात तिथपर्यंत. नाव वाचा, वेळ वाचा. मग फोन डब्यात ठेवा, वर झाकण लावा, आणि त्या माणसाच्या दारात जाऊन हातभर अंतरावर उभे राहा. आजच.