खटक्याला उठणारं बोट

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई तापली होती, तेव्हा माझी पोस्टिंग एका लष्करी इस्पितळात होती, खाट नंबर अकरा.

मी सिग्नल्समध्ये लान्स नायक. सरावात जीप उलटली, कपाळ आपटलं आणि डाव्या डोळ्याची नस दुखावली. डोळा वरून धडधाकट, आत मिट्ट काळोख. तीन आठवड्यांनी मेडिकल बोर्ड बसणार होता. त्या डोळ्याला पुरेसं दिसलं तर पलटणीत, नाहीतर घरी. आमच्या गिरगावच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. आईने एक खुर्ची हेरूनही ठेवली होती. मला त्या खुर्चीच्या नुसत्या कल्पनेने कापरं भरे.

डोळ्यांचे डॉक्टर मेजरसाहेब म्हणाले, "नस मेलीय की झोपलीय, करंट देऊन बघू. प्रॉमिस करत नाही."

रोज सकाळी ०९०० वाजता मी डोळे मिटून बसायचो. डाव्या पापणीवर एक ओली पट्टी, दुसरी मानेवर, वायरी बॅटरीच्या पेटीला. साहेब खटका दाबत. करंट इतका हलका की कातडीला पत्ता लागत नसे. पण नस जागी असेल तर डोळ्याच्या आत उजेड चमके; चमकला की मी बोट वर करायचं. पहिल्या आठवड्यात ते क्वचित उठलं, दुसऱ्यात जवळपास दर वेळी. साहेब खूश, मी हवेत.

शेजारच्या खाटेवर लालबागचा नायक गावडे होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याचा गिरणीतला भाऊ मोर्च्यांच्या बातम्या आणी. आम्हां फौजींना राजकारणाची बंदी, म्हणून गावडे उशीत तोंड खुपसून घोषणा देई. करमणूक म्हणून माझा करंट बघायलाही कुबड्या टेकत येई. बोर्डाला चार दिवस उरले असताना परत येताना त्याने विचारलं,

"तुझो डोळो बघता की कान?"

"म्हणजे?"

"आज वायर सुटान खाली पडलली. सायबान खटको दाबलो, तरी तुझा बोट वर."

"साहेबांना दिसलं नाही?"

"ते तुझ्या बोटाक बघित होते."

 चार वर्षं हेडफोनमधून मोर्सची टिकटिक ऐकत संदेश टिपलेला माणूस मी. टिक झालं की हात चालायचाच. तोवर ती सवय होती. आता कळल्यावर गप्प बसलो तर लबाडी.

"मी कोणाक सांगूचंय नाय," गावडे म्हणाला. "तूच सांग."

रात्र वाईट गेली. सकाळी साहेबांसमोर सावधानमध्ये उभा राहिलो.

"सर, माझा रिपोर्ट चुकीचा आहे. मी खटका ऐकतो."

 साहेबांनी स्वतः माझ्या कानांत कापूस कोंबला आणि दहा वेळा खटका दाबला. माझं बोट तीनदा उठलं.

"तीन. पण तिन्ही खरे," कापूस काढून ते म्हणाले. "नस झोपलीय."

"आणि पलटण, सर?"

"पलटणीला तीन पुरत नाहीत. सॉरी."

बोर्डाने मला घरी पाठवायचं ठरवलं. मी रडलो, सांगायला लाज कसली. गावडेने आपली उशी पुढे केली. "हेच्यात रड. लोकांका वाटात घोषणा देतस."

उपचार मात्र इस्पितळातच आणखी महिनाभर चालू राहिले. मी निघालो त्या सकाळी गावडे व्हरांड्याच्या दारात उभा राहिला. प्लास्टर सुटलं होतं, त्यालाही युनिटला परतायचं होतं.

"उजवो डोळो झाक. खंय असंय मी?"

"समोर."

"आवाज आयकान सांगतस." मग तो बोलेना. पायांत बूट नव्हते. उजेडात एक काळी आकृती डावीकडे लंगडत गेली, माझं बोट तिच्यामागे. ती उजवीकडे वळली, बोटही वळलं. सगळा वॉर्ड हसत होता. गावडे दोन्ही हात वर करून नाचायला लागला तेव्हा मीही हात वर केले.

काही वर्षांनी उत्तरेच्या सीमेवर, बर्फात, तो लढताना कामी आला. त्याचा भाऊ ही बातमी घेऊन माझ्या ऑफिसात आला, माझ्या खुर्चीसमोर उभा राहिला.

डावा डोळा पुढे कधी सुधारला नाही, होता तो उजेडही विझत गेला. अपघातानंतर त्याने एकच माणूस पाहिला. नायक गावडे, राहणार लालबाग.