दहा गांडुळांची नोंद

धुळ्याच्या कॉलेजात आमचं प्रात्यक्षिक होतं. अर्धा ट्रे दिव्याखाली, अर्धा काळ्या कागदाखाली. टिपकागद ओला करून त्यावर दहा गांडुळं सोडायची आणि किती अंधाराकडे सरकतात ते मोजायचं. मी गांडुळं सोडली, पाणी मारायचं विसरले आणि गेटवर अंधश्रद्धाविरोधी पत्रकं वाटायला पळाले. 'स्वतः पाहा, तपासा, मगच माना.' मजकूर माझाच होता. तासाभराने परत येऊन मी ट्रेकडे न बघताच वहीत लिहिलं: दहाही अंधारात. पुस्तकात तसंच होतं. सरांनी सही केली.

प्रयोगशाळेतले नाना पहाटे केळीच्या बागेत माती उकरून ती गांडुळं आणायचे. ट्रे धुवायला उचलताना त्यांनी माझी उघडी वही वाचली.

"अंधारामा कोनता ग्यात व माय? ह्या ते बठ्ठा मरी जायेल शेतस!"

दहाही दिव्याखालीच, कोरड्या कागदाला चिकटून सुकली होती.

"नाना, हळू बोला ना," मी म्हणाले, "सही झालीये."

वडिलांच्या वयाचा तो माणूस माझं ऐकून खरंच गप्प झाला आणि एकेक गांडूळ नखाने सोडवत राहिला. मी वही दप्तरात टाकली.